पन्नास किलोमीटरचा किनारा आणि एक दिवस

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतो द्वीपकल्प समुद्रात घुसले आहे. त्याची दक्षिणेकडची बाजू म्हणजे अमाल्फी किनारा. लात्तारी पर्वताची रांग इथे थेट समुद्रात उतरते. तिची शिखरे १४०० मीटरपर्यंत चढतात, आणि डोंगराचा पायथा व पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन जवळजवळ नाहीच. जिथे ओढ्याने कडा फोडून लहानशी घळ केली आहे तिथे गाव वसले. जिथे घळ नाही तिथे घरे कड्याला बिलगून एकावर एक चढली. पश्चिमेला पोसितानो, मध्ये अमाल्फी, त्याच्या डोक्यावर डोंगरात रावेल्लो आणि पूर्वेच्या टोकाला व्हिएत्री अशी या किनाऱ्याची मांडणी आहे. युनेस्कोने १९९७ साली या सगळ्या पट्ट्याचा जागतिक वारशात समावेश केला. एखाद्या इमारतीला किंवा शहराला नव्हे, तर माणसाने घडवलेल्या अखंड भूप्रदेशाला तो मान मिळाला, आणि पुढच्या विवेचनाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सोरेंतोजवळच्या मेता गावापासून व्हिएत्रीपर्यंतचा किनाऱ्यालगतचा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा. अंतर एवढे थोडे असल्यामुळेच एका दिवसाच्या खासगी सहलीची कल्पना इथे रुजली. नेपल्स किंवा सोरेंतोच्या हॉटेलातून, नाहीतर बंदराला लागलेल्या क्रूझ जहाजावरून सकाळी गाडी प्रवाशांना घेते आणि पोसितानो, अमाल्फी, रावेल्लो दाखवून संध्याकाळी परत सोडते. मोठ्या बसमधल्या चाळीस जणांच्या सहलीपेक्षा ही वेगळी: गाडी एका कुटुंबाची आणि वेळही त्याच कुटुंबाचा. म्हातारे आईवडील आणि लहान मुले बरोबर असतील तर हा फरक मोठा असतो.

या प्रकारावर नेहमीचा आक्षेप असा, की एका दिवसात तीन-चार गावे पाहणे म्हणजे काहीच न पाहणे. त्यापेक्षा एका गावी चार दिवस राहावे. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. प्रत्येक गाव ही स्वतंत्र, पूर्ण वस्तू आहे आणि तिला तिचा पुरेसा वेळ दिला पाहिजे, असे ते गृहीत. अमाल्फी किनाऱ्याच्या बाबतीत ते खरे नाही. इथली गावे एकमेकांवाचून समजत नाहीत. एका गावी चार दिवस राहणाऱ्याला त्या गावाचा सहवास मिळेल, पण त्या गावाला पैसा कुठून आला, कागद कुठून आला, द्राक्ष-लिंबांच्या मांडवांचे वासे कुठून आले, हे तिथे बसून दिसणार नाही. किनारा एकसंध पाहायचा असेल तर एक दिवसही उपयोगी पडतो. तो वाया जातो तेव्हा दोष दिवसाच्या लांबीचा नसतो. गावांची संख्या हाच सहलीचा हिशोब मानला, की दिवस हातातून जातो.

आधी घड्याळ पाहावे. नेपल्सहून पोसितानोला रस्ता मोकळा असला तरी सव्वा ते दीड तास लागतो. पोसितानो ते अमाल्फी अंतर जेमतेम सतरा किलोमीटर, पण वळणावळणाच्या अरुंद घाटात तेवढ्याला पाऊण तास जातो आणि उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. अमाल्फीहून रावेल्लोची चढण वीस-पंचवीस मिनिटांची. परतीला किनाऱ्यावरच्याच मायोरी गावाहून डोंगरातल्या त्रामोंतीमार्गे क्युंत्सीची खिंड ओलांडून नेपल्सच्या महामार्गाला लागले तरी तास-सव्वा तास धरावा लागतो. म्हणजे आठ तासांच्या सहलीत जवळजवळ चार तास चाकांवर जातात. जेवणाचा एक तास काढला की तीन गावांच्या वाट्याला उरतात तीन तास. त्यात सोरेंतो घातले, किंवा काही ठिकाणी विकतात तसे पॉम्पेईही घातले, तर प्रत्येक ठिकाणी फोटो काढून परत गाडीत बसण्यापुरताच वेळ राहतो. खासगी गाडीने रस्ता रुंद होत नाही.

आता किनारा एकसंध का, ते पाहू. इ. स. ८३९ मध्ये अमाल्फी लोंबार्ड सत्तेच्या तावडीतून सुटून स्वतंत्र झाले आणि पुढची दोन-अडीच शतके भूमध्य समुद्रातल्या मोठ्या व्यापारी सत्तांमध्ये गणले गेले. या राज्याची हद्द साधारणपणे पूर्वेला चेतारापासून पश्चिमेला पोसितानोपर्यंत होती. आजच्या एकदिवसीय सहलीचा नकाशा बहुतांशी त्या राज्याचाच नकाशा आहे. शेतीला जमीन नाही म्हणून माणसे समुद्रावर गेली. इटलीतले लाकूड उत्तर आफ्रिकेत आणि इजिप्तमध्ये न्यायचे, तिथले सोने घेऊन कॉन्स्टँटिनोपल गाठायचे आणि तिथून रेशीम व मौल्यवान वस्तू घेऊन घरी यायचे, असा त्यांच्या व्यापाराचा फेरा होता. कैरोत अमाल्फीच्या व्यापाऱ्यांची वस्ती होती. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी तांबड्या समुद्रातून वर चढत इजिप्तच्या याच बाजारांत पोहोचायची. जेरुसलेममध्ये अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी अकराव्या शतकात यात्रेकरूंसाठी रुग्णालय उभारले, आणि त्यातूनच पुढे सेंट जॉनच्या सरदारांचा पंथ निघाला.

या वैभवाची साक्ष आजच्या अमाल्फीत थोडीच उरली आहे, पण ती नेमकी आहे. सेंट अँड्र्यूच्या कॅथेड्रलचे काशाचे दरवाजे १०६० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडवून समुद्रमार्गे आणलेले आहेत. बाजूचे ‘स्वर्गाचे प्रांगण’, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या टोकदार कमानींचे स्मशानांगण, तेराव्या शतकातले. त्याच्या कमानी पाहताच अरब कारागिरीची ओळख पटते. ज्या पट्टेदार, सोनेरी दर्शनी भागाचे सगळे प्रवासी फोटो काढतात तो मात्र जुना नाही. आधीचा दर्शनी भाग १८६१ मध्ये ढासळला आणि आजचा १८९१ मध्ये पूर्ण झाला. समुद्राजवळच्या जहाजगोदीचे दगडी दालन निम्मेच उरले आहे. बाकीचे समुद्राने नेले. नोव्हेंबर १३४३ च्या भयंकर वादळात अमाल्फीचा खालचा भाग पाण्यात गेला, आणि त्याच वादळाचे वर्णन तेव्हा नेपल्समध्ये असलेल्या कवी पेत्रार्काने एका पत्रात करून ठेवले आहे. त्याआधीच ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने अमाल्फी लुटले होते. आज पाच हजार वस्तीचे हे गाव कोणे एके काळी व्हेनिसच्या पंक्तीला होते, हे चौकात उभे राहून पटत नाही. गोदीच्या त्या अर्ध्या दालनात उभे राहिल्यावर पटते.

इथेच गाइडचा प्रश्न येतो. खासगी सहलीच्या जाहिरातीत ‘गाइडसह’ हा शब्द फार सैल वापरला जातो. इटलीत गाडी चालवणारा आणि परवानाधारक गाइड ही दोन वेगळी कामे आहेत. चालक चांगले इंग्रजी बोलत असेल, वाटेत खाणाखुणा दाखवत असेल, तरी कॅथेड्रलच्या आत माहिती सांगणे हे त्याचे काम नाही. तो प्रवाशांना चौकात सोडतो आणि ठरल्या वेळी पुन्हा भेटतो. मधला तास प्रवाशांनी स्वतःच घालवायचा असतो. ही फसवणूक नाही, पण प्रवाशांच्या मनात जे असते ते हे नव्हे.

गाइड असला तर काय बदलते, याचे उत्तम उदाहरण अमाल्फीच्या धक्क्याजवळच्या पुतळ्यात आहे. पुतळा फ्लाव्हिओ जोया याचा. होकायंत्राचा शोध लावणारा अमाल्फीचा सुपुत्र म्हणून तो तिथे उभा आहे. मात्र असा कोणी माणूस झालाच नाही, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. पंधराव्या शतकात फ्लाव्हिओ बिओंदो या विद्वानाने असे लिहिले होते, की होकायंत्राचा वापर अमाल्फीच्या लोकांनी शोधला अशी आख्यायिका आहे. पुढे दुसऱ्या एका लेखकाने बिओंदोचा हवाला देताना लॅटिन वाक्य अशा रीतीने रचले, की एका स्वल्पविरामाच्या घोळातून सांगणारा फ्लाव्हिओ हाच शोध लावणारा ठरला. मागाहून त्याला आडनाव चिकटले, त्याचा पुतळाही उभा राहिला. चिनी लोकांना चुंबकसुईचा गुण त्याआधी शतकानुशतके ठाऊक होता. अमाल्फीच्या दर्यावर्दींनी हे यंत्र भूमध्य समुद्रात रुळवण्यात आणि सुधारण्यात हातभार लावला असणे शक्य आहे. त्यांचे श्रेय एवढे नक्कीच मोठे आहे. चांगला गाइड ही स्वल्पविरामाची हकिकत सांगतो, आणि ती ऐकलेला प्रवासी पुढे प्रत्येक पुतळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. साधा चालक ‘इथे होकायंत्राचा शोध लागला’ एवढे सांगून गाडी पुढे काढतो. गाइडवर खर्च केलेल्या पैशाचे मोल या एका फरकातच वसूल होते.

अमाल्फीच्या मागे डोंगरात घुसणाऱ्या कान्नेतो ओढ्याच्या खोऱ्याला ‘गिरण्यांची दरी’ म्हणतात. समुद्रावर सत्ता गेली तेव्हा या ओढ्याच्या पाण्याने गावाला दुसरा धंदा दिला. अरब जगाकडून कागद बनवण्याची कला अमाल्फीत आली. सुती-तागाच्या चिंध्या कुजवायच्या, पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली कुटून लगदा करायचा आणि तारेच्या साच्यावर एकेक ताव उचलायचा, अशी ती पद्धत. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी कागद वापरायला मनाई केली, कारण चर्मपत्राच्या मानाने तो टिकाऊ वाटत नव्हता. मनाई करावी लागली, यावरूनच कागद किती रुळला होता ते कळते. हा धंदा विसाव्या शतकापर्यंत तगला. ऑक्टोबर १९५४ च्या प्रलयंकारी पुराने सालेर्नोच्या परिसरात तीनशेहून अधिक माणसे घेतली, आणि त्यातच इथल्या उरल्यासुरल्या बहुतेक गिरण्या उद्ध्वस्त झाल्या. एका जुन्या गिरणीत १९६९ पासून कागदाचे संग्रहालय आहे. तिथे हातोडे अजून पाण्यावर चालवून दाखवतात. चौकातून चालत दहा-बारा मिनिटांवर असलेले हे ठिकाण सहलींच्या यादीत क्वचितच असते. ते असायलाच हवे.

रावेल्लो हा याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर, वाऱ्याच्या मार्गात व्यापाऱ्यांनी आपली घरे बांधली. पैसा खाली धक्क्यावर मिळवायचा आणि राहायचे वर, असा हा संबंध होता. रुफोलो हे त्यांतले सर्वांत मातब्बर घराणे. रावेल्लोच्या कॅथेड्रलमधला संगमरवरी सिंहांच्या पाठीवर उभा असलेला, रंगीत दगडांच्या जडावाचा व्यासपीठ-मंडप १२७२ मध्ये निकोला रुफोलोने करवून घेतला. बोकाचोने ‘डेकॅमेरॉन’मधल्या एका कथेचा नायक याच घराण्याच्या नावाचा केला आहे: व्यापारात बुडालेला, चाचेगिरीला लागलेला, जहाज फुटून समुद्रात तरंगणारा रावेल्लोचा धनिक. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस नेव्हिल रीड या स्कॉटिश गृहस्थाने रुफोलोंचा पडका वाडा विकत घेऊन त्याची बाग फुलवली. मे १८८० मध्ये संगीतकार वाग्नर तिथे आला आणि आपल्या ‘पार्सिफाल’ या संगीतनाट्यातल्या जादूच्या उद्यानाचे रूप त्याला त्या बागेत सापडले. १९५३ पासून तिथे संगीत महोत्सव भरतो. बागेच्या कठड्यावरून खाली मिनोरी-मायोरीपर्यंतचा किनारा दिसतो. अमाल्फी आधी पाहून मग इथे आलेल्याला व्यापाऱ्याने घर इतके वर का बांधले हे विचारावे लागत नाही. हा क्रम उलटा केला तर मात्र रावेल्लो हे केवळ सुंदर दृश्य राहते.

गावे जोडणारा रस्ताही मुळीच प्राचीन नाही. बूर्बाँ राजांच्या काळात, १८३० च्या दशकात, त्याचे काम सुरू झाले आणि १८५० च्या सुमारास तो वाहतुकीला खुला झाला. त्याआधी हजार वर्षे माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी गेली ती बोटीने किंवा डोंगरातल्या पायऱ्यांनी. म्हणून गावांची तोंडे समुद्राकडे आहेत, चर्चचे रंगीत कौलांचे घुमट पाण्यावरून ओळखू यावेत असे आहेत, आणि सोळाव्या शतकात चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले बुरूज भूशिरांवर आहेत. गाडीतून जाणारा प्रवासी या गावांना त्यांच्या खांद्यावरून पाहतो. पोसितानोबाबत हे विशेष जाणवते. गाडी किनाऱ्यापर्यंत जात नाही. एकेरी रस्त्याने फिरून वर कुठेतरी थांबावे लागते आणि पुढे पायऱ्या. पाण्यावरून मात्र हे गाव एका नजरेत पूर्ण दिसते. अमाल्फी ते पोसितानो बोटीने पंचवीस मिनिटे लागतात, आणि त्या वेळात प्रवाशाला किनारा ज्या बाजूने पाहिला जावा म्हणून घडला ती बाजू दिसते. रस्त्यानेच जायचे असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे. इटलीत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने जाताना समुद्र गाडीच्या अगदी लगत राहतो.

रस्त्यावरून एक गोष्ट मात्र नीट दिसते, आणि ती सगळ्यांत मौल्यवान आहे: डोंगरभर चढत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची शेती. चुना न वापरता दगडावर दगड रचून केलेले हे बांध, कोकणातल्या गडग्यांचेच भाईबंद, इथे ‘माचेरे’ म्हणून ओळखले जातात. शतकानुशतके पाठीवरून माती आणून त्यांच्यामागे भरली गेली. त्या मातीत टोकदार, जाड सालीचे ‘स्फुसातो’ लिंबू होते. त्याला २००१ पासून भौगोलिक मानांकन आहे. झाडांवर चेस्टनटच्या वाशांचे मांडव असतात, आणि हे वासे त्रामोंतीसारख्या आतल्या डोंगरी गावांच्या रानांतून येतात. दगडी बांधकामाची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. त्या प्रस्तावात इटलीसह आठ देश होते. पण बांध टिकतात ते रोजच्या डागडुजीने. उतारावर यंत्र जात नाही, तयार फळ माणसालाच खांद्यावरून खाली आणावे लागते, आणि हॉटेलातली नोकरी यापेक्षा सोपी व जास्त पैसे देणारी आहे. बांध पडू लागले की पावसाचे पाणी अडत नाही, आणि खाली घळीत वसलेल्या गावावर चिखल-दगड येतात. सप्टेंबर २०१० मध्ये अमाल्फीला लागून असलेल्या अत्रानीत ओढ्याला अचानक आलेला पूर सगळ्या गावातून वाहिला. अत्रानी क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका आहे. लिंबाच्या मळ्यात अर्धा तास थांबून शेतकऱ्याकडून फळे किंवा लिमोन्चेल्लो विकत घेणाऱ्याचे पैसे थेट या बांधांच्या कामी येतात. चौकातल्या दुकानातली बाटली कुठल्या लिंबाची, हे त्या दुकानात सहसा कळत नाही.

खासगी गाडीचा भार कोणावर पडतो, हाही प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. रस्ता दोन बस समोरासमोर आल्या तर थांबणारा आहे. २०२२ पासून गर्दीच्या मोसमात सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार सम-विषम नियम लागू केला जातो. स्थानिक रहिवासी, सार्वजनिक बस, टॅक्सी आणि चालकासह भाड्याने घेतलेल्या गाड्या यांना त्यातून सूट आहे. म्हणजे स्वतः गाडी चालवत आलेल्या इटालियन कुटुंबाला जे बंधन आहे ते परदेशातून आलेल्या खासगी सहलीला नाही. ही सवलत त्या धंद्यावर पोट असलेल्या चालकांसाठी आहे आणि तिला कारण आहे. पण ती घेणाऱ्यावर जबाबदारी येते. गाडी सकाळी लवकर निघाली पाहिजे, गावात तिच्या फेऱ्या कमी झाल्या पाहिजेत, आणि प्रवाशांनी जेवण-खरेदी त्या गावात केली पाहिजे. चार गावांत प्रत्येकी चाळीस मिनिटे थांबून कुठेच काही न घेता जाणारी गाडी त्या किनाऱ्याकडून घेते फार आणि देते थोडे.

या सगळ्यावरून दिवसाची आखणी अशी निघते. अमाल्फीला दोन तास: कॅथेड्रल, प्रांगण, गोदी आणि कागदाची गिरणी, परवानाधारक गाइडसह. मग रावेल्लोला दीड तास. तिसरे गाव नुसते दिसायला सुंदर न घेता कामाचे निवडावे. चेतारा हे अजून मासेमारीवर जगणारे गाव त्याला योग्य आहे. मांदेलीच्या कुळातल्या अँचोव्ही मिठात मुरवून थेंब थेंब गाळलेला ‘कोलातुरा’ हा तिथला अर्क, ज्याला २०२० मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित नाव मिळाले, तिथेच जेवणात चाखावा. ज्यांना मातीकामात रस आहे त्यांनी चेताराऐवजी रंगीत भांडी-फरशांचे व्हिएत्री घ्यावे. पोसितानो, सर्वांत प्रसिद्ध असूनही, उतरण्याच्या यादीतून वगळावे. तासाभरात तिथे दुकाने आणि पायऱ्या एवढेच हाती लागते, आणि त्याचे खरे रूप बोटीतून दिसतेच. सोरेंतो आणि पॉम्पेईला त्यांचे वेगळे दिवस द्यावेत.

सहल ठरवणाऱ्याने पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: अमाल्फीत बरोबर परवानाधारक गाइड असेल का, आणि किमान एक टप्पा बोटीने करता येईल का. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि समुद्र खवळलेला असला की बंद राहतात. तसे झाले तर त्या दिवशी अमाल्फी आणि रावेल्लो ही दोनच गावे पाहावीत.